प्रायव्हसी पॉलिसी वाचायची कशी: बडोद्यातल्या आपल्या मंडळींसाठी, अगदी पहिल्यापासून

नवीन ॲप टाकलं की नाव-नंबर भरून झाल्यावर खाली एक चौकोन येतो, "मी प्रायव्हसी पॉलिसी वाचली आहे आणि मला मान्य आहे", आणि आपण सगळेच तिथे टिक करून पुढे सरकतो, कारण काम अडलेलं असतं, लाइट बिल भरायचं असतं नाहीतर डॉक्टरची वेळ घ्यायची असते. त्या चौकोनापाशी जरा थांबावं असं ज्यांना आता वाटायला लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, इकडे आमच्या ओळखीत अशी पुष्कळ मंडळी आहेत. कोणी रिटायर होऊन बँक-पेन्शन सगळं फोनवर करतंय, कोणी घरून फराळाच्या ऑर्डरी घेतं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते फोनात ठेवतं, कोणी युनिव्हर्सिटीत शिकायला नुकतंच महाराष्ट्रातून आलंय आणि पीजी शोधायच्या ॲपवर आधारचा फोटो टाकून मोकळं झालंय. याला कायद्याची डिग्री लागत नाही, इंग्रजी फाडफाड यायला पाहिजे असंही नाही. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि काय शोधायचं ते माहीत असावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पॉलिसी दोन कामं करते, माहिती देते आणि धीर देते, आणि बहुतेक कंपन्या दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मन लावून करतात. म्हणून वाचताना धीर देणारी वाक्यं आणि माहिती देणारी वाक्यं वेगळी काढता आली पाहिजेत, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पायरी १: एक गैरसमज आधी काढून टाका

"अहो, त्यांची प्रायव्हसी पॉलिसी आहे की, म्हणजे आपली माहिती ते कोणाला देणार नाहीत." हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. असा समज फक्त आपल्याकडे आहे असं नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१४ मध्ये लोकांना विचारलं होतं, की कंपनीने प्रायव्हसी पॉलिसी लावली म्हणजे ती तुमची सगळी माहिती गुप्त ठेवते, हे बरोबर का चूक? निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी "बरोबर" असं उत्तर दिलं. आणि ते उत्तर चूक आहे. पॉलिसीत कंपनीने फक्त एवढंच लिहायचं असतं की आम्ही काय गोळा करतो आणि त्याचं काय करतो. "आम्ही तुमचा नंबर शंभर जाहिरातदारांना देतो" असं लिहिलं तरी ती पॉलिसीच झाली.

आपल्याकडे २०११ च्या आयटी नियमांपासून माहिती गोळा करणाऱ्या कंपनीला वेबसाइटवर पॉलिसी लावणं बंधनकारक आहे. म्हणजे पॉलिसी दिसली की कंपनीने नियम पाळला एवढंच कळतं, कंपनी भली आहे हे कळत नाही. फसवणाऱ्या ॲपलाही पॉलिसीची लिंक असते, नाहीतर प्ले स्टोअरवर जागाच मिळत नाही.

पायरी २: बरोबर कागद उघडा

ॲप टाकायच्या आधीच प्ले स्टोअरच्या पानावर खाली जा, तिथे डेव्हलपरची, म्हणजे ॲप बनवणाऱ्याची, माहिती आणि पॉलिसीची लिंक सापडते. आयफोनवाल्यांना ॲप स्टोअरवर तसंच मिळेल. उघडलं की तीन गोष्टी बघायच्या: वर कंपनीचं नाव कोणतं आहे, शेवटचा बदल कधी केलाय, आणि पत्ता कुठला आहे. ॲपचं नाव एक, डेव्हलपरचं नाव दुसरं आणि पॉलिसीत तिसरंच नाव, असं असलं तर तिथेच थांबा. छोट्या ॲपवाले कोणाची तरी पॉलिसी उचलून आपल्या नावाने लावतात आणि कधी कधी मूळ कंपनीचं नाव आत तसंच राहून जातं. ज्यांनी स्वतःची पॉलिसी स्वतः वाचलेली नाही ते ती पाळणार कशी, मला तरी कळत नाही.

आणि जिथे पॉलिसीच नाही तिथे काय? नवरात्रात हे फार होतं. गरब्याच्या पाससाठी ऑनलाइन फॉर्म भरायचा, त्यात फोटो, मोबाईल नंबर, कधी ओळखपत्राची कॉपीसुद्धा, आणि फॉर्मच्या खाली एक ओळही नसते की हे सगळं दसऱ्यानंतर कुठे जाणार. गर्दी सांभाळायला फोटो लागतो हे मान्य आहे. पण आयोजकांना विचारा, फोटो किती दिवस ठेवता आणि कोण बघतं. विचारणारे दहा जण निघाले की पुढच्या वर्षी फॉर्मवर ती ओळ येते. आधारची कॉपी द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

पायरी ३: वरून खाली वाचत बसू नका

हे ऐकून काहींना नवल वाटेल, पण अख्खी पॉलिसी वाचायची काही गरज नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब केला होता की एका माणसाने वर्षभरात जितक्या साइट बघितल्या त्या सगळ्यांच्या पॉलिस्या खरंच वाचल्या तर वर्षाला साधारण २०० तास लागतील. आणि ते २००८ मध्ये, तेव्हा कुठे एवढी ॲपं होती. नंतर दुसऱ्या दोघांनी एक खोटं सोशल नेटवर्क तयार करून ५४३ विद्यार्थ्यांना जॉइन व्हायला सांगितलं, त्याच्या अटींमध्ये लिहून ठेवलं होतं की मोबदला म्हणून तुमचं पहिलं मूल आम्हाला द्यावं लागेल, आणि ९८ टक्के मुलांच्या ते नजरेलाच पडलं नाही. यात मी मुलांना दोष देणार नाही. जो कागद कोणीच वाचत नाही त्याला संमतीचा आधार म्हणणं हीच मुळात लबाडी आहे.

तर करायचं असं. पॉलिसी क्रोममध्ये उघडा, वरच्या तीन टिंबांवर दाबा, "फाइंड इन पेज" घ्या आणि इंग्रजीत एकेक शब्द शोधा: शेअर, थर्ड पार्टी, ॲफिलिएट (संलग्न कंपनी), ॲडव्हर्टाइज, रिटेन (ठेवून घेणं), डिलीट, आणि शेवटी ग्रीव्हन्स (तक्रार). प्रत्येक शब्द जिथे सापडेल तिथला एक परिच्छेद वाचायचा. एवढ्यात पॉलिसीचा गाभा हाताला लागतो, वरची दोन पानं प्रस्तावना असते ती सोडून दिली तरी चालतं.

इंग्रजी जड जात असेल तर त्याच तीन टिंबांत भाषांतराचा पर्याय आहे, मराठी निवडा. मराठी वाचायला जरा वेडीवाकडी येते पण अर्थ लागतो. फक्त जिथे "नाही", "वगळता", "जोपर्यंत" असे शब्द येतील तिथे मूळ इंग्रजी वाक्य पण बघा, घरात कोणा भाचीला-नातवाला विचारा, कारण मशीन नेमकं अशा ठिकाणी चुकतं आणि एक "नाही" गळला की सगळा अर्थ उलटा होतो.

पायरी ४: धीर देणारी वाक्यं बाजूला काढा

हीच मुख्य पायरी, इथे वेळ द्या. पॉलिसीतलं कुठलंही वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा, हे वाचून मला अशी कोणती गोष्ट कळली जी खरी की खोटी हे तपासता येईल? काहीच कळली नसेल तर ते धीराचं वाक्य. "तुमचा विश्वास आमच्यासाठी सर्वात मोलाचा आहे." छान आहे, पण यात तपासण्यासारखं काही नाही. "आम्ही इंडस्ट्री स्टँडर्ड सुरक्षा वापरतो." कोणती इंडस्ट्री, कोणतं स्टँडर्ड, काही पत्ता नाही. "तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आम्ही काही माहिती वापरतो." यात "काही" म्हणजे नाव-नंबर पण असू शकतं आणि तुम्ही रात्री किती वाजता कुठे होता ते पण असू शकतं. "आम्ही तुमची माहिती विकत नाही." हे वाक्य तर लोकांना फारच आवडतं, पण पैसे घेऊन विकणं एक, आणि जाहिरातीच्या बदल्यात, ॲनालिटिक्सच्या (लोक ॲप कसं वापरतात याच्या मोजदादीच्या) बदल्यात, ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला सहज देणं दुसरं, आणि दुसऱ्याबद्दल ते वाक्य गप्प असतं. त्याच्याखाली दोन-तीन परिच्छेद वाचलेत की "आमचे भागीदार" भेटतातच.

आता माहिती देणारं वाक्य कसं असतं ते बघा: "डिलिव्हरीसाठी तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर कुरिअर कंपनीला देतो, ऑर्डर पोचल्यावर ९० दिवसांनी त्यांच्याकडून काढून टाकायला लावतो." हे मी स्वतः बनवलंय, नमुना म्हणून. कोणती माहिती, कशासाठी, कोणाला, किती दिवस, चारही गोष्टी आल्या. एवढंसं वाक्य लिहायला कुठल्याही कंपनीला वकील लागत नाही, म्हणूनच जेव्हा ते सापडत नाही तेव्हा मला शंका येते.

पहिल्या एक-दोन वेळेला कागद-पेन घेऊन बसा. पॉलिसीतली दहा वाक्यं उचला, माहितीच्या वाक्यापुढे "मा" लिहा, धीराच्या वाक्यापुढे "धी". आमच्याकडे महिला मंडळात मी हे करून घेतलं, किराणा मागवायच्या एका ॲपची पॉलिसी घेतली होती आणि बायकांनी पटापट खुणा केल्या, एका काकूंनी शेवटी विचारलं की अगं सगळे धीच आहेत, मग हे लिहिलंय कशाला? अगदी हाच प्रश्न विचारायला शिकायचंय.

एक मात्र सांगते, धीराचं वाक्य असणं हा गुन्हा नाही. बँकेने "आम्ही काळजी घेतो" म्हटलं तर बिघडलं काय. त्याच्या पाठोपाठ माहितीचं वाक्य आलं पाहिजे, एवढंच.

पायरी ५: कोणाला देतात, ते खोदून बघा

चार प्रश्नांपैकी "कोणाला" हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर इथेच सगळ्यात धूसर असतं. "विश्वासू भागीदार", "सर्व्हिस प्रोव्हायडर", "ग्रुप कंपन्या", अशी नावं दिसली की पुढे यादी आहे का ते बघा. यादी किंवा निदान प्रकार तरी दिले असतील, पेमेंटवाला, कुरिअरवाला, एसएमएस पाठवणारा, तर ठीक. "यासह परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही" अशा अर्थाची ओळ असली की समजायचं यादी उघडीच ठेवली आहे.

शब्द आणि कृती यात किती अंतर पडू शकतं ते कळायला अमेरिकेतलं बेटरहेल्पचं प्रकरण बघण्यासारखं आहे. ऑनलाइन मानसोपचार देणारी ही कंपनी, लोक आपलं नैराश्य, घरातली भांडणं तिथे सांगायचे, आणि कंपनीने ही माहिती खाजगी राहील असं सांगितलेलं होतं. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीने लोकांचे ईमेल आणि आरोग्याबद्दलची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट यांना जाहिरातीसाठी दिली, आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. म्हणून तब्येतीचं, पाळीचं, मानसोपचाराचं कुठलंही ॲप असेल तर नुसत्या आश्वासनावर जाऊ नका, जाहिरात आणि ॲनालिटिक्स हे दोन शब्द त्या पॉलिसीत शोधाच.

कधी कधी माहिती असते, पण दहा ठिकाणी पसरलेली. जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने गुगलला ५ कोटी युरोचा दंड केला, त्यातलं एक कारण हेच होतं, की आवश्यक माहिती वेगवेगळ्या कागदांत विखुरलेली आणि काही बाबतीत तिथपर्यंत पोचायला पाच-सहा क्लिक करावे लागतात. लिहिलं तर आहे, पण सापडत नाही, याला तिथे न सांगण्यासारखंच धरलं गेलं, आणि मला ते पूर्ण पटतं.

अजून एक परिच्छेद हमखास बघायचा, कंपनी विकली गेली, विलीन झाली किंवा बुडाली तर माहितीचं काय होणार. २००० साली अमेरिकेत टॉयस्मार्ट नावाची खेळण्यांची ऑनलाइन कंपनी बुडाली. तिने गिऱ्हाइकांना लिहून दिलं होतं की तुमची माहिती कधीच कोणाला देणार नाही, तरी गिऱ्हाइकांची यादी विकायला काढली आणि सरकारला कोर्टात जावं लागलं. तेव्हापासून बहुतेक पॉलिस्यांमध्ये "व्यवसाय हस्तांतरण" असा एक भाग असतो, तो म्हणजे कंपनीने आधीच स्वतःची सोय करून ठेवलेली असते. तो असल्यामुळे ॲप वापरू नका असं नाही, पण तिथे काय काय जमा करून ठेवायचं ते ठरवताना हे डोक्यात असू द्या.

पायरी ६: पॉलिसी आणि फोन समोरासमोर धरा

पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो, ॲपने फोनमध्ये काय काय मागितलंय ते तुम्हाला स्वतः बघता येतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर, काही फोनवर ते सिक्युरिटी अँड प्रायव्हसी या नावाखाली असतं. लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक, कॅमेरा, एकेक उघडा आणि कोणाकोणाला परवानगी दिली आहे ती नावं वाचा. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला, कॅल्क्युलेटरला लोकेशन कशाला. काढून टाका, ॲपला खरंच गरज असेल तर ते परत मागेल. लोकेशन तर "ॲप वापरत असतानाच" यावरच ठेवा.

आपल्या कायद्यातच याचं फार सुंदर उदाहरण दिलंय. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३, त्यात लिहिलंय की समजा एका बाईने डॉक्टरशी बोलायचं ॲप घेतलं, ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि सोबत फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागितली, आणि तिने दोन्हीला हो म्हटलं. तरी ती संमती फक्त उपचाराच्या माहितीपुरतीच धरायची, कारण कॉन्टॅक्ट लिस्टची त्या कामाला गरजच नाही. म्हणजे घाईत हो म्हटलं तरी सगळंच हातून गेलं असं नसतं.

कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल मात्र जास्तच सावध राहा. कॉन्टॅक्ट लिस्ट उचलून कर्जदाराच्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून बदनामी करायचे प्रकार देशभर झाले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की डिजिटल कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल-फोटो, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, आणि कॅमेरा, माइक, लोकेशन हे केवायसीपुरतं एकदाच, तेही स्पष्ट संमती घेऊन. तेव्हा कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले की पॉलिसी वाचायचीसुद्धा गरज नाही, ते ॲप काढा. धमक्या सुरू झाल्या असतील किंवा पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. लाजून घरात कोणाला सांगायचं नाही असं करू नका, कृपा करून.

प्ले स्टोअरवर "डेटा सेफ्टी" म्हणून जो भाग दिसतो तो उपयोगी आहे, पटकन अंदाज येतो, पण तो डेव्हलपरने स्वतः भरलेला असतो. तिथे "माहिती शेअर केली जात नाही" आणि पॉलिसीत "भागीदारांना देतो" असं दिसलं तर पॉलिसी खरी धरा आणि ॲप सोडा.

पायरी ७: तुमचे हक्क, आणि तेही मराठीत

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. मग २०२३ चा हा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. नियम म्हणतात की संमती मागताना दिलेली सूचना स्वतंत्रपणे, बाकी कागद न वाचता समजली पाहिजे, साध्या भाषेत, कोणती माहिती आणि कशासाठी ते वेगवेगळं लिहून. आणि संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय कंपनीने द्यायचा आहे. त्या २२ भाषांत मराठी आहे, आणि तुम्ही कोणत्या राज्यात राहता याची अट त्यात नाही. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या, गुजराती छान बोलणाऱ्या पण वाचायचं म्हटलं की मराठीच हाती घेणाऱ्या कितीतरी आज्या आहेत, त्यांना आजवर ॲपमध्ये इंग्रजी, हिंदी नाहीतर गुजराती एवढंच मिळायचं. यापुढे कंपनीकडे मराठी मागायला संकोच करू नका.

दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागतात तिथेही हाच विचार लावा. कायद्यात औषधाच्या दुकानाचं उदाहरण आहे, गिऱ्हाइकाने पावती मेसेजवर मागितली आणि नंबर दिला, तर दुकानाने तो पावती पाठवायला वापरायचा. त्याच नंबरवर पुढे ऑफरचे मेसेज सुरू झाले तर ते वेगळं काम झालं, त्याची वेगळी संमती हवी. आणि जे घरगुती व्यवसाय करतात त्यांनी स्वतःही हे पाळावं, फराळासाठी घेतलेले नंबर उचलून मैत्रिणीच्या साडी-सेलच्या ग्रुपमध्ये टाकायचे नाहीत.

घरात १८ वर्षांखालची मुलं असतील तर कायद्याने त्यांच्या माहितीसाठी आई-वडिलांची पडताळलेली संमती लागणार आहे आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायला बंदी आहे. ट्यूशनच्या ॲपची पॉलिसी म्हणून आधी वाचा, स्वतःच्या ॲपची नंतर.

"घ्या नाहीतर जा" अशा पॉलिसीबद्दलही एक सांगायचंय. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये नवीन पॉलिसी आणली, मान्य करण्याशिवाय वापरणाऱ्यांपुढे खरा पर्यायच नव्हता. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावरून व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, प्रकरण पुढे अपिलात गेलं. पर्याय नसताना दिलेला होकार हा मनापासून दिलेला होकार नसतो, हे तुम्हा-आम्हाला वाटतं ते आयोगालाही वाटलं.

पायरी ८: एक मेल लिहून बघा

पॉलिसी किती खरी आहे हे कळायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेवटी दिलेल्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल करणं. २०११ च्या नियमांनुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा आणि तक्रारीचं एका महिन्यात निवारण व्हायला हवं. नावच नसेल, किंवा मेल परत आला, तर वरची सगळी धीराची वाक्यं किती वजनाची होती ते तुम्हाला कळलं.

मेल साधा ठेवा. असा: "नमस्कार, मी या मोबाईल नंबरने तुमच्या ॲपवर नोंदलेली आहे. माझी कोणकोणती माहिती तुमच्याकडे आहे ते कळवा. ती ज्या ज्या कंपन्यांना दिली असेल त्यांची नावं कळवा. जाहिरात आणि मार्केटिंगसाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. अकाउंट बंद केल्यास कोणती माहिती किती दिवस ठेवाल तेही कळवा." मराठीत लिहा, खाली इंग्रजीतही टाका म्हणजे भाषेचं कारण नको. आधार, पॅन, ओटीपी यातलं काहीही मेलमध्ये लिहू नका, ओळख पटवायला रजिस्टर नंबर पुरतो. तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. नवीन कायदा पूर्ण लागू झाला की डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे, म्हणजे या कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाता येईल, पण त्याआधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी लागते, त्यामुळे हा मेल तेव्हाही कामाला येईल. खोटी किंवा उगाच त्रास द्यायला केलेली तक्रार मात्र करू नका, त्यासाठी तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

उत्तरं कशी येतात? काही ठिकाणाहून दोन दिवसांत नीट यादी येते, आणि अशा कंपनीबद्दल मला खरंच आदर वाटतो. काही ठिकाणाहून पॉलिसीची लिंकच परत पाठवतात. लिंक आली तर एकदा पुन्हा लिहा, "माझ्या प्रश्नांची उत्तरं लिंकमध्ये नाहीत, क्रमाने द्यावीत."

पायरी ९: सोडताना नीट सोडा

ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे फोनमधून गेलं, कंपनीकडची तुमची माहिती तिथेच राहते. आधी ॲपमध्ये आत जाऊन अकाउंट डिलीट करा. गुगलच्या नियमाप्रमाणे ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं त्यात ते डिलीट करायची सोय ॲपमध्ये आणि वेबवर दोन्हीकडे द्यायची आहे, ॲप काढून टाकलं असेल तर वेबची लिंक प्ले स्टोअरवर डेटा सेफ्टीच्या भागात बघा. "डीॲक्टिव्हेट" आणि "डिलीट" अशी दोन बटणं असतील तर डिलीट घ्या, डीॲक्टिव्हेटमध्ये माहिती तशीच राहते. बिलं, कर्ज, बँक यांच्या काही नोंदी कायद्याने ठेवाव्याच लागतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

नवीन नियमांत अजून एक आहे, २ कोटींहून जास्त वापरणारे असलेल्या शॉपिंगच्या आणि सोशल मीडियाच्या मोठ्या कंपन्यांनी, आणि ५० लाखांहून जास्त असलेल्या ऑनलाइन गेमवाल्यांनी, तीन वर्षं तुम्ही फिरकलाच नाहीत तर माहिती पुसायची आहे आणि त्याआधी ४८ तास तुम्हाला कळवायचं आहे. पण तीन वर्षं कशाला थांबायचं. सुरुवात जुन्यापासून करा, फोनमध्ये ॲपची यादी उघडा, सहा महिन्यांत एकदाही न उघडलेली वेगळी काढा, आधी कर्जाची आणि तब्येतीची, मग शॉपिंगची, गेम सगळ्यात शेवटी, आणि एका बैठकीत दोन-तीनच संपवा, बाकीची पुढच्या रविवारी.